छातीवर हात, मनगटावर वाटाड्या

सोमवार, १ सप्टेंबर. सकाळी.

आजपासून रोजनिशी. पुढं कुणी विचारलंच की हे सगळं कसं सुरू झालं, तर उत्तर हाताशी असावं.

सद्यस्थिती अशी. जूनमध्ये कंपनीनं हुबळीचं ऑफिस बंद केलं. काहींना बेंगळुरूला बोलावलं, त्यांत मी नव्हतो. ह्याला लोक नोकरी जाणं म्हणतात. मी म्हणत नाही. मी सध्या डिझाइनच्या टप्प्यात आहे.

प्रॉडक्टचं नाव 'वाटाड्या'. मनगटाला बांधायचा पट्टा. स्क्रीन नाही, नकाशा नाही, ॲप नाही. पट्टा बांधायचा आणि दिसेल त्या बसमध्ये बसायचं. बघण्यासारखं काही जवळ आलं की पट्टा थरथरतो. एकदा थरथरला की तयार राहा, दोनदा थरथरला की उतरा. तलाव असेल, जुनं देऊळ असेल, चांगलं चुरमुऱ्यांचं गिरमिट मिळणारी गाडी असेल. नवख्या माणसानं बसनं अख्खं शहर पालथं घालावं आणि कुणाला एक शब्द विचारावा लागू नये. ही शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची. आपल्याकडं बसमध्ये पत्ता विचारला की लोक आधी गाव विचारतात, मग आडनाव, मग नोकरी कुठं, आणि पत्ता राहूनच जातो.

बायकोला, दीपश्रीला, सगळं समजावून सांगितलं. ती शाळेत शिकवायला निघाली होती. म्हणाली, छान आहे, पण अप्पांना कधी सांगणार?

अप्पा म्हणजे माझे वडील, धारवाडचे निवृत्त हेडमास्तर. आई गेल्यापासून सुभाष रोडच्या मागच्या घरात एकटे राहतात. त्यांना नोकरीचं कळवलेलं नाही. योग्य वेळ आली नाही. रोज संध्याकाळी साडेसातला त्यांचा फोन येतो आणि प्रश्न ठरलेला: आज काय विशेष? रोज विशेष सांगावं लागतं. जुलैत माझी टीम वाढली. ऑगस्टमध्ये मला टीम लीड केलं.

दीपश्रीनं दसऱ्याची मुदत दिली आहे. बन्नी, म्हणजे दसऱ्याचं सोनं, द्यायला धारवाडला जाऊ तेव्हा तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगेन, म्हणाली. मान्य केलं. २७ तारखेला विद्यानगरला नवउद्योजकांचा मेळावा आहे. वाटाड्या तिथं निवडला गेला की दोन्ही बातम्या एकदम देईन. आधी उद्योग, मग नोकरी. क्रम चुकवायचा नाही.

गुरुवार, ४ सप्टेंबर.

संकल्प: पहाटे उठणे, दुपारी न झोपणे. उठलो आठला, पण पडल्या पडल्या विचार चालू होते.

सुटे भाग आणले. पट्टा मनासारखा मिळेना. शेवटी नोकरी लागली तेव्हा अप्पांनी दिलेल्या घड्याळाचा काढला. चामड्याचा आहे, मऊ झालाय, हाताला सवयीचा. घड्याळ ड्रॉवरमध्ये ठेवलं. मोबाइल असताना घड्याळाचा तसाही काही उपयोग नाही.

साडेसात. अप्पांना सांगितलं की नवीन प्रोजेक्ट मिळालाय, प्रवासाशी संबंधित. हे खोटं नाही.

शनिवार, ६ सप्टेंबर.

दिवसभर स्कूटरवरून फिरून थांबे नोंदवले, हुबळीपासून थेट नवलूरच्या पुढंपर्यंत. धारवाडात शिरलो नाही. शिरायचं कारण नव्हतं.

दीपश्रीनं विचारलं, ह्यातल्या कुठल्या बसमध्ये तुम्ही बसलाय? आठवून सांगितलं की कॉलेजात असताना बसायचो. ती म्हणाली, तेव्हा चिगरी नव्हती. चिगरी म्हणजे हुबळी-धारवाडच्या मधल्या खास रस्त्यावरून पळणारी मोठी बस. मी म्हटलं, विषय तांत्रिक आहे. साबण बनवणारा माणूस दिवसातून चार वेळा आंघोळ करत नाही.

बुधवार, १० सप्टेंबर. दुपारी.

आत्ताच घरी पोचलो. विसरायच्या आत लिहितो.

पहिली ट्रायल. मुद्दाम कामाच्या वेळेत घेतली, ओळखीचे लोक तेव्हा कामावर असतात. हुबळीतल्या होसूर स्टँडवरून चिगरी पकडली. उणकल तलाव जवळ आला, पट्टा थरथरला. मन भरून आलं. उठून डाव्या दाराशी जाऊन उभा राहिलो. पट्टा दोनदा थरथरला. थांबा मागं गेला, तलाव मागं गेला. शेजारचे गृहस्थ म्हणाले, ही एक्स्प्रेस आहे, मधे थांबत नाही, आणि थांबते तेव्हा दार उजवीकडं उघडतं. थांबे रस्त्याच्या मधोमध आहेत हे मला माहीत आहे. मी ते स्कूटरवरून पाहिले आहेत.

नवनगर, रायापूर, सत्तूर. प्रत्येक ठिकाणी पट्टा उतर उतर म्हणतोय आणि बस ऐकत नाही. मग लक्षात आलं की ही आता थेट धारवाडात थांबणार. अप्पा रोज ह्याच वेळेला ज्युबिली सर्कलवरून भाजी घेऊन परततात. अख्खं धारवाड त्यांचं विद्यार्थी. कुणीही दिसलं असतं तरी संपलं असतं.

उतरलो आणि खांबाच्या आड उभा राहिलो. पलीकडच्या फूटपाथवरून एक काळी छत्री आणि काळी टोपी चाललेली. खाली बसून बुटाची लेस बांधायला लागलो. पायात चपला होत्या हे नंतर लक्षात आलं. मान वर केली तेव्हा छत्री थांबलेली होती. मग गेली. पुढच्या बसनं परत आलो.

निष्कर्ष: ट्रायल ऐंशी टक्के यशस्वी. थरथर उत्तम होते.

संध्याकाळी, साडेसात. अप्पा म्हणाले, आज धारवाडला फार उकडलं, हुबळीलाही असेल. ह्याचा अर्थ काय, ह्यावर जेवण होईपर्यंत विचार केला. काही अर्थ नाही. छत्र्या काळ्याच असतात.

शनिवार, १३ सप्टेंबर.

सुधारणा. बसच्या हादऱ्यात थरथर नीट जाणवत नव्हती, म्हणून मोठी मोटर बसवली. आता नुसती जाणवत नाही, ऐकूही येते. मोठ्या मोटरला मोठी बॅटरी लागते. ती शर्टाच्या वरच्या खिशात, तिथून वायर बाहीतून मनगटापर्यंत. चालू आहे हे कळायला पट्ट्यावर लाल दिवा. दीपश्रीनं बघितलं आणि विचारलं, हे कुठल्या दवाखान्यातून आणलं? तिला प्रोटोटाइप म्हणजे काय ते समजावलं.

धोरणात बदल. चिगरीत धारवाडची माणसं भेटायचा धोका आहे. पुढची ट्रायल साध्या सिटी बसनं, जुन्या हुबळीकडं. तिथं आपल्याला ओळखणारं कोण असणार? त्या बसमध्ये सगळ्या बायकाच, फुकट तिकिटावर फिरणाऱ्या.

मंगळवार, १६ सप्टेंबर. दुपारी.

सीबीटीवरून, म्हणजे सिटी बसस्टँडवरून, जुन्या हुबळीची बस पकडली. चढलो आणि पहिल्याच सीटवर शकुंतलाअक्का.

शकुंतलाअक्का धारवाडला अप्पांच्या खालच्या घरात राहतात. अप्पांना रोज आमटीची वाटी त्यांच्याकडून जाते. त्यांची लेक भाग्यलक्ष्मी जुन्या हुबळीत दिली आहे. बायकांना बस फुकट झाल्यापासून अक्का लेकीकडं नुसता चहा प्यायला येतात, हे अप्पांनी मला अनेकदा सांगितलं होतं. मी ते डिझाइनमध्ये धरलं नव्हतं. मागं नजर टाकली. पुरुष तिघेच: ड्रायव्हर, कंडक्टर आणि मी.

अक्कांनी विचारलं, येनप्पा प्रभंजन, आज मंगळवार ना, ऑफिस नाही? नेमका तेव्हाच पट्टा घुर्रर्र करून वाजला. खिशातली बॅटरी तापली होती म्हणून मी छातीवर हात धरलेला. कपाळावर घाम. वायर बाहीतून खिशात गेलेली, लाल दिवा लुकलुकतोय. अक्कांनी पट्ट्याकडं पाहिलं, वायरीकडं पाहिलं, माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि आवाज एकदम खाली आणून विचारलं, हृदयाचं का रे बाळा?

मी हो म्हटलेलं नाही. हे स्पष्ट नोंदवून ठेवतो. बस खड्ड्यात गेली म्हणून मान खालीवर झाली.

पुढचं माझ्या हातात राहिलं नाही. अय्यो देवरे, म्हणत अक्का उठल्या आणि मला त्यांच्या जागेवर बसवलं. मागच्या दोघींनी खिडकी उघडली. एकीनं पाण्याची बाटली पुढं केली, एक पदरानं वारा घालू लागली. कंडक्टरनं ड्रायव्हरला ओरडून सांगितलं की हार्ट पेशंट हाय, निधान होगप्पा. बस बैलगाडीसारखी चालू लागली. एका बाईंच्या दिराला असंच मशीन लावलं होतं, तो कसा गेला ते त्यांनी सविस्तर सांगितलं. पट्टा मधूनमधून वाजत होता आणि प्रत्येक वेळी सगळी बस श्वास रोखून माझ्याकडं बघत होती. बघण्यासारखं असं नेमकं काय जवळ आलं होतं ते मला एकदाही कळलं नाही.

दोघींनी दंडाला धरून उतरवलं. अक्कांना हात जोडून सांगितलं, अप्पांना काही बोलू नका. त्यांनी सिद्धारूढ स्वामींची शपथ घेतली.

एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ऑफिस का नाही, हे नंतर कुणीच विचारलं नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी.

साडेसात. फोन नाही. पावणेआठ. नाही. दीपश्री म्हणाली, तुम्हीच करा. म्हटलं, रेंज नसेल.

आठला आला. ऑफिसचं काही विचारलं नाही. जेवलास का, एवढंच. अजून नाही, म्हटलं. ठेवतो म्हणाले आणि ठेवला नाही. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. शेवटी मीच ठेवला.

अक्कांची शपथ बहुतेक बस धारवाडला पोचेपर्यंतच होती.

बुधवार, १७ सप्टेंबर.

सकाळी बेल वाजली, दारात अप्पा. पहिल्या बसनं आले होते. हातात कापडी पिशवी, तीत अर्जुनसालीची पूड, लसूण आणि आईची शाल. तीन मजले चढून धापा टाकत होते आणि मलाच विचारत होते, तुला दम लागतो का?

सांगायचंच ठरवलं होतं. तोंड उघडलं. अप्पांनी हात वर करून थांबवलं. म्हणाले, बोलू नकोस, थकशील. ऑफिसात सांगितलंस ना? रजा देतायत ना? मी म्हटलं, देतायत. ते म्हणाले, तुझ्या ऑफिसची माणसं चांगली आहेत हो.

विचारांती निर्णय: तूर्त हृदय राहू द्यावं. फक्त दसऱ्यापर्यंत. दिवसा घरी का, ह्याचं उत्तर आपोआप मिळतं, आणि मेळाव्याची तयारीही होते. एका दगडात दोन पक्षी. दीपश्री स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. नंतर म्हणाली, मुदत दिली आहे म्हणून मी खरं बोलणार नाही, पण खोटंही बोलणार नाही. आणि एकदा त्यांच्या तोंडाकडं बघा.

दुपारी बघितलं. चेहरा ओढलेला दिसतोय. प्रवासाचा शीण असेल.

शनिवार, २० सप्टेंबर.

मीठ बंद. तिखट बंद. जिना बंद. अप्पा खालून दुधी आणतात, स्वतः किसतात, रस काढून माझ्यापुढं धरतात आणि पेला रिकामा होईपर्यंत हलत नाहीत. पंच्याहत्तरीच्या माणसानं तीन मजले चढउतार करायची आणि मी पलंगावर. दोनदा म्हटलं, मी जातो. ते रागावले.

वाटाड्याचं काम ठप्प. मशीनला हात लावू देत नाहीत. डॉक्टरनं लावलेलं आपण सोडायचं नाही, म्हणतात.

आज दुपारी डोळा लागला. (संकल्प मोडला.) जाग आली ती अप्पा खांदे धरून गदागदा हलवत होते म्हणून. बॅटरी संपून लाल दिवा विझला होता. प्रभ्या, प्रभ्या, अशा हाका मारत होते. लहानपणी तापात माझी शुद्ध गेली होती तेव्हा असा आवाज ऐकल्याचं आठवतं. मी डोळे उघडले तसे ते फरशीवरच बसले. दीपश्रीनं दिलेला पाण्याचा पेला धरता येईना त्यांना.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. तिथल्या तिथं सांगून टाकावं असं आलं मनात. पण अशा अवस्थेत माणसाला धक्का देणं बरोबर नाही.

आता पट्टा चार्जरला लावूनच झोपतो. तांत्रिक नोंद: यंत्र इतका वेळ न बिघडता पहिल्यांदाच चाललं.

सोमवार, २२ सप्टेंबर.

घटस्थापना. अप्पांनी परस्पर देशपांडे नगरच्या डॉक्टर सुमंतांची वेळ घेतली होती. टाळायचे सगळे मार्ग संपले.

ईसीजी काढला. डॉक्टर पट्ट्याकडं बघत होते. कुणी बसवलं म्हणून विचारलं. बेंगळुरूला, म्हटलं. कुठल्या हॉस्पिटलात? मोठ्या, म्हटलं. त्यांनी अप्पांना सांगितलं की रिपोर्ट उत्तम आहे, काळजी नको. अप्पा म्हणाले, मशीन लावलंय म्हणून. मग डॉक्टरांनी त्यांना बाहेर नर्सकडं बीपी बघायला पाठवलं आणि दार लावून घेतलं.

सगळं सांगितलं. एक्स्प्रेस बस, मोठी मोटर, अक्का, खड्डा. हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. नर्सनं आत आणून दिलेला आकडा दाखवला. एकशे नव्वद. म्हणाले, तुम्हाला काही झालेलं नाही. त्यांना आता होईल. गोळी लिहून देतो, पण ही काळजी गोळीनं जाणार नाही. आजच सांगा.

रिक्षात दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा अप्पांनी, वारा लागेल, म्हणून माझा मफलर नाकावर ओढला.

मेळावा शनिवारी आहे. निवड झाली की त्याच संध्याकाळी सांगणार. चांगल्या बातमीबरोबर वाईट बातमी सोसते. तोवर गोळी आहे. गोळ्यांनी बीपी आटोक्यात येतंच, कुणालाही विचारा.

गुरुवार, २५ सप्टेंबर.

नवं संकट. अप्पांनी कारण शोधून काढलंय. जेवताना म्हणाले, हे सगळं त्या टीम लीडमुळं झालं. ताण सोसत नाही तुला, लहानपणापासून सोसत नाही. मी तुझ्या साहेबांना भेटतो, हात जोडतो आणि सांगतो की पोराला परत साधा करा.

घास अडकला. अप्पांनी पाठ चोळली. म्हटलं, साहेब बेंगळुरूला असतात. ते म्हणाले, जे असतील त्यांना भेटतो. म्हटलं, दसऱ्यानंतर बघा. ते म्हणाले, बघू.

हा शब्द मला आवडला नाही. शाळेत हेडमास्तर बघू म्हणाले की छडी नक्की असायची.

दीपश्रीकडं बघितलं. ती आमटी वाढत होती. बिनमिठाची.

शनिवार, २७ सप्टेंबर. सकाळी.

आज. पांढरा शर्ट, भाषण पाठ. पहिलं वाक्य: पत्ता विचारण्याच्या गुलामीतून माणसाला सोडवणारं यंत्र.

अप्पांना सांगितलं, चेकअपला जातो. बरोबर येतो म्हणतील, म्हणून कारणं तयार ठेवली होती. जा, म्हणाले. इतक्या सहज. जिना उतरताना आठवलं की त्यांनी बाहेर जायचा सदरा घातला होता. असू दे. सकाळचं फिरणं असेल.

शनिवार, २७ सप्टेंबर. संध्याकाळी.

जसं घडलं तसं लिहितो.

माझ्या आधी एकच जण उरला होता तेव्हा दीपश्रीचा फोन. ती शाळेतून परत आली तर अप्पा घरी नाहीत. बीपीची गोळी टेबलावर तशीच. मोबाइल उशीखाली. शेजाऱ्यांना विचारत होते म्हणे, गोकुळ रोडला बस कुठली जाते.

माझं ऑफिस गोकुळ रोडला होतं.

पायऱ्या उतरत असताना माझं नाव पुकारलं. ऐकू आलं. परत गेलो नाही.

स्कूटर दीपश्रीकडं. रिक्षा दिसेना. गोकुळ रोडची बस कुठून सुटते मला माहीत नव्हतं, आणि पट्ट्यात ती नव्हती. तिकडं बघण्यासारखं काही नाही म्हणून मी तो रस्ता घेतलाच नव्हता.

विचारलं. थांब्यावरच्या सगळ्यांना, मोठ्यानं. मराठीत विचारलं, कन्नडमध्ये विचारलं. काळी टोपी, काळी छत्री, कापडी पिशवी, कुणी पाहिलं का? एका बाईंनी माझ्या मनगटाकडं बघून विचारलं, तुम्ही ते मशीनवाले का, जुन्या हुबळीच्या बसमधले? हो, म्हटलं. त्यांनी मला बसमध्ये चढवलं आणि सगळ्यांना सांगितलं की ह्यांचे अप्पा चुकलेत. कुणी गाव विचारलं नाही, कुणी आडनाव विचारलं नाही. चौघींनी फोन लावले. कुणाची नणंद, कुणाची वहिनी, सगळ्या कुठल्या ना कुठल्या बसमध्ये बसलेल्या. अप्पा सकाळच्या बसमध्ये होते म्हणे. मुलाला टीम लीड केलंय आणि त्याला ते झेपत नाही, असं शेजारच्या बाईंना सांगत होते.

कंडक्टरनं कुणाला तरी फोन करून सांगितलं, पुढच्याच थांब्यावर बसलेत. पट्टा सगळा वेळ गप्प होता.

ऑफिसच्या जागी आता कोचिंग क्लास आहे. त्याच्या समोरच्या शेडखाली अप्पा बसलेले, पिशवी मांडीवर. मी धावत येताना दिसलो तसे उभे राहून ओरडले, पळू नकोस.

शेजारी बसलो. त्यांना काही होतंय का विचारलं. नाही म्हणाले. एक बस आली, गेली. मग म्हणाले, वॉचमननं सांगितलं, जूनमध्येच बंद झालं. मी म्हटलं, हो. आणखी एक बस गेली. मग माझ्या मनगटाकडं बघत अगदी हळू विचारलं, प्रभ्या, मग एवढं सांग. हेही खोटंच आहे ना?

म्हटलं, हो अप्पा. हेही खोटं आहे.

नक्की, म्हणाले. नक्की, म्हटलं. मी शर्टाच्या खिशातून बॅटरी काढली, वायर ओढून काढली आणि सगळं त्यांच्या हातात दिलं. दिवा विझला. अप्पा माझ्याकडं बघत राहिले. मी श्वास घेतोय की नाही ते बघत होते. घेत होतो. तेव्हा ते रडायला लागले, भर थांब्यावर, टोपी काढून, आणि रडता रडता एकच म्हणत होते, नोकरीच ना? नुसती नोकरी गेली ना?

मीही रडलो. ह्यात लपवण्यासारखं काही नाही.

मग चिडले. हेडमास्तर असताना चिडायचे तसे, पूर्ण आवाजात. जूनपासूनच्या एकेका टीम लीडचा हिशेब मागितला. थांब्यावरचे लोक बस सोडून ऐकत थांबले. मी उभा राहून ऐकलं. बरं वाटलं.

घरी आलो. अप्पांनी गोळी घेतली. दीपश्रीनं जेवायला वाढलं. आमटीत मीठ होतं.

गुरुवार, २ ऑक्टोबर. दसरा.

धारवाड. सकाळपासून बन्नी द्यायला माणसांची रीघ. बन्नी तगोंडु बंगारदंग इरोण, म्हणजे बन्नी घेऊन सोन्यासारखे राहू, म्हणायचं, हातात पान ठेवायचं, आणि मग माझा हात सोडायचाच नाही, नाडी बघायची. अप्पा ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते. येणाऱ्या प्रत्येकाला खणखणीत आवाजात सांगत होते, प्रभंजनचं हृदय उत्तम आहे. नोकरी गेली आहे. मला टीम लीड केल्याचं त्यांनी इतक्या अभिमानानं कधी सांगितलं नव्हतं.

शकुंतलाअक्का रुसल्या. त्यांनी माझ्यासाठी सिद्धारूढांना नारळ बोलला होता, आता तो द्यायचा की नाही? अप्पा म्हणाले, द्या, नोकरीच्या खात्यात धरा.

मेळाव्याचा मेसेज आला आहे. उमेदवार अनुपस्थित. परीक्षकांना पट्टा बघायलाच मिळाला नाही, तेव्हा ह्याला नापास म्हणता येत नाही.

पट्टाही आता नाही. अप्पांनी दुपारी ड्रॉवरमधलं घड्याळ मागितलं. दीपश्रीनं ते आठवणीनं बरोबर आणलं होतं. त्यांनी मोटर, वायर, दिवा सगळं सोडवलं, पट्टा परत घड्याळाला लावला आणि माझ्या मनगटावर बांधला. एक भोक घट्टच बांधलं.

परतताना साधी बस. सोडायला आलेल्या अप्पांनी खिडकीतून सगळ्या बसला सांगितलं की मुलगा हुशार आहे, निर्व्यसनी आहे, हृदय उत्तम आहे, कुठं जागा असेल तर बघा. मी खिडकी लावायला गेलो, लागली नाही. बस सुटेपर्यंत एका बाईंनी दिराच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर बसायला माणूस हवाय म्हणून सांगितलंही. रायापूरला. शनिवारी या, म्हणाल्या.

मी विचारलं, थांबा कुठला? त्यांनी एक सांगितला. मागच्या सीटवरून दुसरा आला. पुढून आवाज आला की दोन्ही चूक, त्याच्या अलीकडं उतरावं. कंडक्टरचं मत चौथं. उणकल आलं तरी वाद चालूच होता.

म्हणजे वाटाड्याची गरज आहे, हे सिद्धच झालं. रायापूरपासून सुरुवात करता येईल. शनिवारनंतर बघू.

घरी पोचलो, घड्याळात साडेसात. अप्पांचा फोन. विचारलं, आज काय विशेष?

काही नाही, म्हटलं.